डेंग्यू एकदा होऊन गेला की परत होत नाही नं? सासूबाई एक सांगतात, डॉक्टर दुसरंच

मानेवाडावाली
रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहून राहिली आहे, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी मला डेंग्यू झाला होता, चांगलाच. चार दिवस १०३ ताप, डोळ्यांच्या मागे असं दुखे की फिरता पंखा पाहवत नव्हता. पाचव्या दिवशी ताप उतरला, मी खूश, आंघोळ केली, वरणभात खाल्ला, अन् त्याच रात्री पोटात दुखायला लागलं, उलट्यांवर उलट्या, यांनी पहाटे गाडी काढली. प्लेटलेट ४१ हजार. पाच दिवस सलाईन. ताप उतरल्यावर खरं सांभाळायचं असतं हे कोणीच सांगितलं नव्हतं, आधी जिथे दाखवलं तिथे तर ताप गेला आता फक्त थकवा राहील म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून घरी पाठवलं होतं. असो.

आता यंदाचं. तान्ह्या पोळ्याला पोरांना घेऊन मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, पाहायला गेलो, "घेऊन जाऽऽ गे मारबत" ओरडून ओरडून घसे बसले सगळ्यांचे, आणि चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावर दिराचा मुलगा तापाने फणफणला. नऊ वर्षांचा आहे. डेंग्यूची टेस्ट केली, एनएस१ पॉझिटिव्ह. जाऊबाईंना सुट्टी मिळत नाही आहे, तर सासूबाईंचं म्हणणं की तूच बस त्याच्याजवळ, तुला होऊन गेलेला आहे, गोवर-कांजण्यांसारखं एकदा अंगावरून गेलं की पुन्हा शिवत नाही. मला पटलं होतं. पण डॉक्टरांना सहज विचारलं तर ते म्हणाले उलट तुम्हीच जपा, दुसऱ्यांदा जास्त जोरात येऊ शकतो. का म्हणून विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला.

मला हेच समजून राहिलं नाही. शरीर एकदा शिकलं तर दुसऱ्यांदा अजून चांगलं लढायला पाहिजे नं? मग हे उलटं कसं? का माझी इम्युनिटीच कमजोर आहे? सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून गुळवेलीच्या काढ्याचे फोटो येऊन राहिले, ते प्यायचं का? कोणाला माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा, गूगल वाचून डोकं फिरलं.


तर्रीपोहा
रात्री ११:५८

ताई, मारबतीने यंदा डेंग्यूचं कंत्राट घेतलेलं दिसत नाही.

बाकीचं जाणकार सांगतील, मी एकच सांगतो. आत्ता उठा, मोबाईलचा टॉर्च घ्या अन् कूलरच्या टाकीत पाहा. मी परवा पाहिलं. पाऊस लागला तेव्हापासून कूलर बंद, पण खाली चार बोटं पाणी तसंच. टॉर्च मारला तर पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकलेले बारीक बारीक किडे, मी वाकलो तशी सावली पडली अन् सगळे वळवळत तळाशी. अंगावर काटा आला बाप्पा. आणि नुसतं पाणी फेकून होत नाही, हा डास अंडी टाकीच्या भिंतीला चिकटवून ठेवते पाण्याच्या जरा वर, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की चालू. घासावं लागते. अख्ख्या नागपुरात घरटी दोन कूलर, विचार करा.

अन् पोराजवळ बसून डेंग्यू होत नाही, डास चावूनच होते. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला द्यायला तयार होते. म्हणून पोराला मच्छरदाणीत ठेवा, दिवसा पण, कारण हा दिवसाच चावते. रात्री बिनधास्त आणि दिवसा मच्छरदाणी गुंडाळलेली, असं घरोघरी चालते आपल्याकडे.


लॅबवाला भाऊ
रात्री १२:३५

कूलरचं शंभर टक्के बरोबर. उरलेलं मी सांगतो. मी डॉक्टर नाही, बर्डीवर एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली स्लाइडी पाहून राहिलो, ऑगस्ट ते नोव्हेंबर आम्हाला दुसरं काही सुचतच नाही. जे डोळ्यांनी दिसते आणि जे आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी शिकवलं तेवढंच बोलतो.

पहिले ते "कमजोर इम्युनिटी" डोक्यातून काढा. इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी नाही, कमी झालं की वरून भरलं. एका घरात दोन वेगळ्या स्वभावाची माणसं राहतात असं समजा. एक आहे तो कोण आला, कुठून आला काही विचारत नाही, पहिले हाणते मग पाहते. बोटात काटा रुतला, दुसऱ्या दिवशी बोट लाल, गरम, ठणकते, मग पू. तो पू म्हणजे बहुतेक तिथे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल. आपल्या हाडांच्या मगजात ह्या रोज दहा हजार कोटींच्या घरात बनतात, आणि जगतात किती तर काही तास, फार तर काही दिवस. ताप पण ह्याच मंडळींचा उद्योग. ह्या पेशी जी रसायनं सोडतात त्याने मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकते, मग नेहमीचं ३७ डिग्री शरीराला थंड वाटायला लागते, म्हणून तर आपल्या मे महिन्यातही ताप चढताना माणूस ब्लँकेट मागते.

दुसरा आहे तो हळू, पण चेहरा लक्षात ठेवणारा. बी पेशी आणि टी पेशी. मला आधी वाटे की शरीर जंतू पाहते आणि त्याच्या मापाचं हत्यार बनवते. तसं नाही. शरीर आधीच करोडो वेगवेगळे नमुने बनवून ठेवते, न पाहता, एका पेशीवर एकच नमुना. जंतू आला की ज्या पेशीचा नमुना त्याला बसला तीच वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे चार-पाच दिवस. हे चालते कुठे तर गाठींमध्ये. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते नं, आजी म्हणायची अवधाण उठलं, ती गाठ म्हणजे तिथे भरती चालू आहे. पहिल्यांदा एखादा रोग झाला की माणूस आठवडाभर लोळते ते ह्याच्यामुळेच, फौज यायला तेवढे दिवस लागतात. नंतर बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात, काही तर जन्मभर. तीच आठवण. लस म्हणजे सुद्धा हीच आठवण, आजार न काढता.

डेंग्यूच्या पेशंटची स्लाइड पाहायला मला आवडते, पेशंटचं वाईट वाटते पण स्लाइड आवडते, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या पेशी एकूण कमीच, काल एकाच्या २,६०० होत्या, पण त्यातल्या काही लिम्फोसाइट, म्हणजे त्याच बी-टी पेशी, अशा फुगलेल्या, कडेला गडद निळ्या, आणि शेजारच्या लाल पेशींना इतक्या खेटून बसलेल्या की स्वतःचाच आकार वाकडा करून घेतात, भरलेल्या ऑटोत जाडा माणूस बसते तसं. ह्या त्या नवीन भरतीच्या पेशी. आणि प्लेटलेट, ज्या एरवी एका फील्डमध्ये दहा-पंधरा तरी जांभळे ठिपके दिसले पाहिजेत, त्या दोन, तीन, कधी एकच.

आता तुमचा खरा प्रश्न. डेंग्यूचा व्हायरस एक नाही, चार आहेत, डेन-१ ते डेन-४. चुलतभाऊ समजा, तोंडवळा एक पण माणूस वेगळा. एकाने झाला की त्या एकापासून जन्मभराची सुटका, बाकी तिघांपासून फक्त काही महिने. मग वर्षा-दोन वर्षांनी त्या तिघांतला एक आला की जुन्या अँटीबॉडी, म्हणजे बी पेशींनी मागच्या वेळी बनवलेली हत्यारं, त्याला ओळखतात, पण अर्धवट. चिकटतात, निकामी करत नाहीत. घोळ इथे आहे. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी असतात, त्यांना एकच समजते, ज्याच्या अंगावर अँटीबॉडी चिकटलेली त्याला गिळा. एरवी गिळलं की विषय संपला. पण डेंग्यूला राहायला नेमकी हीच पेशी पाहिजे असते, तिच्याच पोटात तो वाढते. लग्नाच्या हॉलच्या दारात अनोळखी माणूस आला तर कोणीतरी विचारते, कोणाकडून आलात? पण तुमच्याच घरचे दोन म्हातारे पाहुणे त्याचा हात धरून आत घेऊन आले तर कोण विचारणार? तो सरळ स्वयंपाकघरात. त्या अर्धवट अँटीबॉडी म्हणजे हे दोन पाहुणे. बाहेरून धडपडत शिरला असता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायरस आरामात आत.

हे कुठल्या तरी फॉरवर्डमधलं नाही. क्युबा देशात १९७७ मध्ये डेन-१ ची साथ आली, बहुतेकांना साधाच ताप. १९८१ मध्ये डेन-२ आला आणि १५८ माणसं गेली, त्यात १०१ लहान पोरं. पुढे १९९७ मध्ये तिथल्याच सँटियागो शहरात परत डेन-२ आला, तेव्हा जे गंभीर झाले ते जवळपास सगळे मोठे लोक, वीस वर्षांपूर्वीच्या डेन-१ वाले. नंतर जन्मलेल्या पोरांना विशेष काही झालं नाही, त्यांच्या रक्तात ती अर्धवट आठवणच नव्हती. वीस वर्षं! अजून एक, बाळांचं. आईला डेंग्यू होऊन गेला असेल तर तिच्या अँटीबॉडी बाळात येतात, पहिले काही महिने राखण करतात, पण सहा ते नऊ महिन्यांचं झालं की त्या विरळ होतात आणि तेव्हा बाळाला पहिलाच डेंग्यू गंभीर होऊ शकते. भरपूर असल्या तर ढाल, अजिबात नसल्या तर साधा ताप, मधल्या असल्या तर पंचाईत.

आणि एवढ्या पेशी एकदम पेटल्या की त्यांच्या रसायनांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, रक्तातलं पाणी पोटात-छातीत पाझरते. हे होते तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकं ताप उतरताना, आणि २४ ते ४८ तास चालते. तुमचा वरणभात ह्याच वेळी आला मधात. लोक फोन करून फक्त "प्लेटलेट किती" विचारतात. प्लेटलेटच्या जवळच एचसीटी किंवा पीसीव्ही लिहिलेलं असते, तो आकडा चढत गेला म्हणजे रक्त दाट होऊन राहिलं, पाणी गळून राहिलं. पोराचा तो पाहत जा. पोटात सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून नाकातून रक्त, पोरगं सुस्त पडलं किंवा उगाच चिडचिड करते, लघवी कमी, ह्यातलं काहीही दिसलं की रात्र काढायची नाही, मेडिकल म्हणा मेयो म्हणा, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे उचलून न्यायचं. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन बिलकुल नको.

आणि एक काम करा ताई, मागच्या वर्षीची फाइल शोधा. एनएस१ च्या खाली आयजीएम आणि आयजीजी असे दोन प्रकारच्या अँटीबॉडीचे रकाने असतील, ते कितव्या दिवशीचे आणि काय आले ते इथे टाका. मला एक शंका आहे.


काढा_नियमित
सकाळी ६:१०

लॅबवाल्यांचं कामच घाबरवायचं आहे, टेस्ट खपल्या पाहिजेत नं. मी दहा वर्षांपासून रोज सकाळी गुळवेल, तुळस, मिरे, आलं. पपईच्या पानांचा रस घरात कोणालाही ताप आला की लगेच. आजपर्यंत डेंग्यू नाही. रोगप्रतिकारशक्ती मुळातच मजबूत असली तर एक काय चार व्हायरस येऊ द्या. आपल्या पूर्वजांना एवढे टाइप-बिइप माहीत नव्हते तरी जगले.


तर्रीपोहा
सकाळी ८:०२

काका पूर्वजांकडे कूलर नव्हते.


जीवशास्त्राच्या बाई
सकाळी ९:२०

मी निवृत्त शिक्षिका आहे, तीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, त्यामुळे मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही.

सासूबाईंना नावं ठेवू नका. त्या गोवराबद्दल बोलत असतील तर त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. उत्तर अटलांटिक समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि मग तब्बल ६५ वर्षं एकही नाही. १८४६ मध्ये एका जहाजातून गोवर परत आला आणि साधारण ७,८०० वस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. तरुण डॅनिश डॉक्टर पानूम तिथे पाठवला गेला. त्याने घरोघर फिरून लिहून ठेवलं की ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी, १७८१ मध्ये, गोवर झाला होता, त्यांतल्या कोणालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षं शरीराने तो चेहरा लक्षात ठेवला, मधे एकदाही उजळणी न करता! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची.

गोवराचा विषाणू आपलं रूप बदलत नाही, म्हणून ही आठवण पुरते. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे, तुमच्या सासूबाईंच्याही असेल, बघा. तो रोग भारतातून १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं, कारण तिथेही एक चेहरा, एक आठवण, काम पक्कं. कांजण्यांचं मात्र सासूबाईंना सांगा, त्या "जातात" असं आपण म्हणतो खरं, पण तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि उतारवयात टी पेशींची पकड सैल झाली की नागीण होऊन बाहेर येतो. मला स्वतःला झाली होती, कमरेला, तीन महिने साडीची गाठ सहन होत नव्हती. म्हणजे शरीर विसरलं नव्हतं, इतकी वर्षं ते पहारा देत होतं आणि पहारेकरी म्हातारे झाले. डेंग्यूची गोष्ट तिसरीच, तिथे चेहरे चार आणि आठवण एकाची, ते लॅबवाल्या भाऊंनी छान सांगितलंय. फक्त "अजिबात नसल्या तर साधा ताप" हे थोडं सैल वाक्य आहे, पहिल्या डेंग्यूतही माणूस गंभीर होऊ शकतो, विशेषतः मधुमेह वगैरे असेल तर. शक्यता कमी, इतकंच.

काढा घेणाऱ्या गृहस्थांना एक विचारते. तुम्हाला डेंग्यू झालाच नाही हे कशावरून? डेंग्यूचा संसर्ग झालेल्या चारांतल्या साधारण तिघांना तो होऊन जातो आणि काही कळतच नाही. २०१७-१८ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर रक्त तपासलं, ५ ते ४५ वयातल्या ४८.७ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. म्हणजे जवळपास निम्मे. त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

आणि प्रतिकारशक्ती "मजबूत" करायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं? पहिला हाणणारा वाढवला तर सूज वाढेल. दुसरा जास्त चेकाळला तर सांध्यांचा आमवात, थायरॉइडचे काही आजार, हे सगळे आपल्याच शरीराने आपल्यावर उठल्याचे आजार आहेत. इथे गंभीर डेंग्यूचा सगळा प्रश्नच प्रतिसाद कमी पडल्याचा नाही, चुकीच्या दिशेने जास्त झाल्याचा आहे. गुळवेलीबद्दल म्हणाल तर मुंबईत २०२० मध्ये ती रोज घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, दिसायला सारखी पण वेगळी वेल असावी असं त्यांचं म्हणणं. वाद असू दे, पण डेंग्यूत यकृत आधीच दुखावलेलं असतं, तेव्हा तरी कोणतीच घरी कुटून-वाटून केलेली औषधं पोराला देऊ नयेत असं मला वाटतं.


काढा_नियमित
सकाळी १०:०५

पपईच्या रसाने माझ्या भाच्याच्या प्लेटलेट दोन दिवसांत ३० हजारांच्या ९० हजार झाल्या, हे पण खोटं का?


लॅबवाला भाऊ
सकाळी १०:४०

खोटं कशाला म्हणू काका. पण ताप उतरून दोन-तीन दिवस झाले की बहुतेकांच्या आपोआप चढतात, रस पिणाऱ्याच्या आणि न पिणाऱ्याच्या पण, मी रोज दोघांचेही रिपोर्ट टाइप करतो. रस लोक नेमका तेव्हाच सुरू करतात जेव्हा आकडा तळाला लागलेला असते, मग वर जाण्याशिवाय दुसरी दिशाच नसते. रस कडू असते, पोरं ओकतात, उलटीने पाणी जाते, मला तेवढीच भीती. प्लेटलेटच्या पिशवीचं पण तेच, रक्त जात नसेल आणि आकडा दहा हजारांच्या वर असेल तर साधारण डॉक्टर चढवत नाहीत, आणि इथे नातेवाईक ४० हजाराला रडारड करून पिशवी मागतात. मागच्या आठवड्यात लॅबच्या काउंटरवर ह्यावरून भांडण झालं.


मानेवाडावाली
दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार, बाईंचं वाचून सासूबाईंचा दंड पाहिला, आहे वण, दोन आहेत.

आता ऐका. फाइल सापडली, पिठाच्या डब्यामागे होती, विचारू नका. मागच्या वर्षीचा रिपोर्ट, तापाच्या चौथ्या दिवशीचा. एनएस१ पॉझिटिव्ह. आयजीएम, हलकं पॉझिटिव्ह असं लिहिलं आहे. आयजीजी पॉझिटिव्ह, पुढे पेनाने गोल केलेला. तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं. भाऊ ह्याचा अर्थ काय?

पोराचा पण आहे, कालचा, तिसऱ्या दिवशीचा. एनएस१ पॉझिटिव्ह, बाकी दोन्ही निगेटिव्ह. प्लेटलेट १ लाख १० हजार, पीसीव्ही ३८.

आणि एक, ह्याच्यावर लस नाही का निघाली अजून? एवढं सगळं माहीत आहे लोकांना तर.


लॅबवाला भाऊ
दुपारी २:००

मला हीच शंका होती ताई. चौथ्या दिवशी आयजीजी एवढं ठळक पहिल्या डेंग्यूत सहसा येत नाही, पहिल्यांदा आयजीएम आधी चढते, आयजीजी मागून आठवड्या-दहा दिवसांनी. तुमच्यात आठवण आधीपासून होती, म्हणून ती इतक्या लवकर उसळली. म्हणजे मागच्या वर्षीचा तुमचा बहुतेक दुसरा होता. पहिला कधीतरी होऊन गेला, लहानपणी असेल, कॉलेजात असेल, व्हायरल म्हणून दोन क्रोसिन खाऊन विसरला असाल. तुमच्या शरीराने शिकलेलं वापरलं, पण उत्तरपत्रिका दुसऱ्याच पेपरची होती.

आता चांगली बातमी म्हणा. दोन वेगळे टाइप होऊन गेले की शरीराकडे बऱ्यापैकी सगळ्यांना चालतील अशा अँटीबॉडी जमतात, तिसऱ्या-चौथ्या वेळी गंभीर होणं बरंच कमी दिसते. म्हणजे सासूबाई चुकीच्या कारणाने जवळपास बरोबर निघाल्या. पण हा रिपोर्ट आहे, ज्योतिष नाही, तुमच्या डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा आणि दिवसा अंगभर कपडे, ओडोमॉस चालू ठेवा.

पोराचं मात्र पहिल्यांदाच वाटते. आज-उद्या ताप उतरेल तेव्हा खेळायला सोडू नका, पाणी-ओआरएस-ताक चालू, पीसीव्ही ३८ लिहून ठेवा, पुढच्या वेळी ह्याच्याशीच तुलना करायची आहे. आणि त्याचा हा रिपोर्ट जपून ठेवा, कारण खरी काळजी ह्याच्या पुढच्या डेंग्यूची.


जीवशास्त्राच्या बाई
दुपारी २:४५

लशीचं सांगते, थोडक्यात. ती अवघड आहे ती याच कारणाने. चारही चेहरे एकदम आणि सारख्या ताकदीने शिकवावे लागतात, एकच नीट शिकला आणि तीन अर्धे राहिले तर लसच तुमचा "पहिला डेंग्यू" होऊन बसते. हे प्रत्यक्ष झालंय. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळेतल्या आठ लाखांवर मुलांना डेंगव्हॅक्सिया नावाची डेंग्यूची लस दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांना पुढे झाला तर जास्त गंभीर होऊ शकतो. कार्यक्रम थांबवला. लोकांचा विश्वास इतका उडाला की गोवराच्या लशीकडेही आया पाठ फिरवायला लागल्या, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. आणि गोवराचा एक वाईट गुण असा की तो आठवण ठेवणाऱ्या पेशीच मारतो, बाकीच्या रोगांबद्दल शिकलेलंही पुसून टाकतो. फार वाईट वाटतं वाचून.

आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांनी डेंगीऑल नावाच्या एका डोसाच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकपासून सुरू केली. दहा हजारांवर लोक, पुढे दोन वर्षं लक्ष ठेवायचं असं ठरलेलं. अशी लस देऊन लगेच निकाल लावता येत नाही, वाट बघावी लागते, पुढचा डास येईपर्यंत.


मानेवाडावाली
दुसऱ्या दिवशी, सायंकाळी ७:३०

पोराचा ताप आज सकाळी उतरला आणि भाऊंचं ऐकून आम्ही त्याला सरळ भरती केलं, दीर म्हणत होते ताप गेला तर कशाला, मी माझी फाइल दाखवली, गप्प बसले. प्लेटलेट ७२ हजार, पीसीव्ही ३९, डॉक्टर म्हणाले गळती दिसत नाही, उद्यापर्यंत पाहू. हातात सुई आहे तरी मोबाईलवर गेम चालू आहे, म्हणजे ठीक असावा. दोन्ही रिपोर्टचे फोटो फॅमिली ग्रुपवर पिन केले, पिठाच्या डब्यावर आता भरवसा नाही.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, चुलतभाऊ, लग्नाचा हॉल, क्युबा, सगळं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, म्हणजे मी म्हटलं होतं तेच नं, तुला नाही होत. सध्या गच्चीवर दिराला उभं करून तिन्ही कूलरच्या टाक्या आतून नारळाच्या काथ्याने घासून घेऊन राहिल्या आहेत, आणि कोपरे राहिले म्हणून ओरडणं इथपर्यंत ऐकू येऊन राहिलं.